एकतिसावा संदर्भ

१२ जानेवारी

चि. स्वल्पविराम,

अनेक आशीर्वाद.

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. माझं पत्र दोन पानांचंच आहे, बाकी सगळा तुझ्या दादाचा लेख आहे. घरातल्या मुंग्यांवरचा, शेवटचा. हे गेल्यावर टेबलावर पेपरवेटखाली सापडला होता तो. तुला न विचारता, माझ्याच अकलेने, मी तो त्या त्रैमासिकाकडे पाठवून दिला होता. परवा परत आला.

पण अगदीच परत नाही हं. संपादकीय कार्यालयातल्या बाईंनी लिहिलंय की मजकूर परीक्षकांना पसंत पडला, मात्र शेवटची संदर्भसूची त्यांच्या नियमांत बसत नाही. म्हणजे आत यायला हरकत नाही, पण आधी नीट भांग पाडून या. सोबत नियमांची सहा पानं जोडलीत. मी पहिलं पान तीनदा वाचलं आणि डोकं धरून बसले. कुठे टिंब, कुठे कंस, कुठलं अक्षर तिरपं. आयुष्यभर ह्यांचं हे खटलं बघत आले, पण बघणं निराळं आणि करणं निराळं.

मार्चअखेरीपर्यंत दुरुस्त प्रत पोचली पाहिजे. पुढची मुदत मागता आली असती, पण बाई लिहितात की येणारा अंक कागदावरचा शेवटचा. त्यानंतर सगळं पडद्यावर. मला ते नको. ह्यांचा पहिला लेख ह्याच त्रैमासिकात आला होता, तेव्हा अंक हातात घेऊन लहान मुलासारखे घरभर फिरत होते. माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "वास बघ." मी म्हटलं, "दूध उतू जातंय, सरका." सरकले बिचारे. आता वाटतं, घ्यायला हवा होता वास. म्हणून हा शेवटचा तरी मला कागदावर हवाय, हातात धरायला.

तू चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्यास. आता दादाच्या काढ. फोन करू नकोस, मला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि तू तोंडातल्या तोंडात बोलतोस.

तुझी
वहिनी

---

२० जानेवारी

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार.

अगं, मला आधी विचारायचंस तरी! हा लेख असा जसाच्या तसा धाडलास? त्या बाईंनी पोलिसांत कसं दिलं नाही तुला?

दादाची संदर्भसूची बघून मला हसावं की रडावं कळेना. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी, तिसऱ्या ठिकाणी नुसतंच "तो चष्मेवाला, मुंग्यांच्या वासाबद्दल, पान १४". कोण चष्मेवाला? आणि "तत्रैव"! दर दुसऱ्या ओळीला "तत्रैव, पान अमुक". म्हणजे "वर सांगितलं त्याच पुस्तकात" असं म्हणायचंय त्याला, पण मागाहून मधेच नवे संदर्भ घुसवलेत, त्यामुळे सगळे तत्रैव भलत्याच्याच घरात जाऊन बसलेत. आणि नियमात तर साफ लिहिलंय, तत्रैव चालणार नाही.

तर आता असं. आधी आडनाव, मग आद्याक्षर, कंसात साल, मग लेखाचं नाव. नियतकालिकाचं नाव तिरप्या ठशात, खंडाचा आकडा ठळक, शेवटी पानं कुठून कुठवर. तीनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले तिघं लिहायचे आणि बाकीच्यांना "आणि इतर" म्हणून वाटेला लावायचं. लेखात जो आधी येईल त्याचा आकडा आधी. हे सगळं मी करीन. पण पानांचे आकडे आणि सालं माझ्याकडे नाहीत, ती दादाच्या कार्डांवर असणार. सोबत यादी पाठवतोय, तेवढी कार्डं शोधून उतरवून दे.

गंमत म्हणजे दादाने हयातीत मला त्याच्या एकाही लेखाला हात लावू दिला नाही. मी मधे मधे बोलून थांबवतो म्हणून लहानपणी त्याने मला स्वल्पविराम नाव ठेवलं, आणि मी खरोखरच जन्मभर स्वल्पविराम देत बसलो. तरी भावाचा लेख मागितला की म्हणायचा, "तू भाषा पार धुऊन काढतोस, माणूस उरत नाही तिच्यात." आता बघ, आलाच शेवटी माझ्या हातात. आनंद व्हायला हवा होता मला. होत नाही.

पथ्य सांभाळ. गोळ्या वेळेवर घेतेस ना?

तुझा
स्वल्पविराम

---

४ फेब्रुवारी

चि. स्वल्पविराम,

अनेक आशीर्वाद.

यादीतली सगळी कार्डं उतरवून पाठवतेय. चष्मेवालाही सापडला, त्याच्या कार्डावर पूर्ण नाव आहे आणि खाली ह्यांनी चष्मा काढलाय. तू म्हणशील ते सगळं बैजवार लिहिलंय, पण मला त्याला इतके दिवस का लागले ते सांगते.

ही कार्डं विकतची नव्हेत. माझ्या अंगाच्या साबणाची खोकी कापून केलेली आहेत. पाठ कोरी, पोट रंगीत. तुला आठवत असेल, साबण संपायच्या आधीच खोकं पळवायचे आणि साबण कपाटात उघडा पडलेला असायचा. मी ओरडायचे. आता कार्डांच्या खोक्याचं झाकण काढलं तर अजून वास येतो रे. सुरुवातीच्या कार्डांना तो पिवळा साबण, मग तुझ्या पुतण्याच्या जन्मानंतर तो लहान मुलांचा, मग मधे जरा बरे दिवस आले तेव्हाचा गुलाबी. साल वाचायची गरजच पडली नाही, मी नुसत्या वासावरून सांगत होते की हे कधी वाचलं असेल. पहिल्या दिवशी दोनच कार्डं उतरवून झाली. बाकीचा वेळ मी सरळ रडत बसले. लाज कसली त्यात.

काय दिवस होते! ओट्यावर खडूच्या खुणा, भिंतीला दोऱ्या, आणि साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, "हलवू नये, निरीक्षण चालू आहे." एकदा ह्यांचे विभागप्रमुख आले, तर त्यांना मी बिनसाखरेचा चहा दिला. ते बिचारे म्हणाले, "छान आहे, मला हल्ली कमीच लागते." डब्याखाली पाण्याची ताटली ठेवायला बंदी, मुंग्यांची पावडर घरात आणायला बंदी. साऱ्या जगात बायका मुंग्या घालवतात आणि मी त्यांना पोसत होते. तू तेव्हा बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपायचास आणि सकाळी तुझ्या उशीवरही त्या चालत असायच्या, तरी तू दादाचीच बाजू घ्यायचास, लबाडा.

एक गोष्ट मात्र ही कार्डं लिहिताना मनात टोचत राहिली. किती प्रेमाने नावं लिहिलीत त्या लोकांची! न पाहिलेल्या माणसांची, सुवाच्य अक्षरात, पानाच्या आकड्यासकट. कोण काय म्हणालं ते सगळं जपून ठेवलंय. आणि मी शेजारी उभं राहून काही सांगितलं की फक्त "हूं". घरभर शोधलं तर माझ्या नावाच्या चिठ्ठ्या सापडतील त्या अशा, "दूध घे. किल्ली शेजारी."

जाऊ दे. तू तुझं काम कर. मी मधे मधे बोलायला लागले की तुझंच नाव मला द्यावं लागेल.

तुझी
वहिनी

---

१९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार.

शाब्बास! तुझ्यासारखी एक जण छापखान्यात असती तर माझे निम्मे केस टिकले असते. सगळे तत्रैव हुसकावले, सगळी आडनावं रांगेत उभी केली. लेखाची भाषाही एकदा नजरेखालून घातली, एक-दोन ठिकाणी दादा फारच घरगुती बोलून गेला होता, ते जरा सारखं केलं. नवी स्वच्छ प्रत सोबत आहे. एवढं पाकीट आणि फक्त एक अडचण.

एकतिसावा संदर्भ. लेखाच्या तिसऱ्या भागात दादा म्हणतो की मुंग्यांची वाट मधूनच पुसली तर त्या पहिली सरळ वाट पुन्हा पाडत नाहीत, ओट्याच्या नाहीतर भिंतीच्या कडेने जातात. हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? तर आकडा ३१. आणि सूचीत ३१ समोर फक्त एवढंच: "सौ., घरी, वैयक्तिक संवाद." पुढे ऑगस्ट महिना आणि साल, मी छापखान्यात लागलो तेच.

सौ. म्हणजे तूच ना! दुसरी कोण असणार? वैयक्तिक संवाद म्हणजे कुणीतरी छापलेलं नाही, तोंडी सांगितलेलं. आता नियम असा की ज्याने सांगितलं त्याची लेखी संमती लागते, "होय, हे मी यांना सांगितलं होतं" अशी, सहीनिशी. आणि पूर्ण नाव. नुसतं सौ. चालायचं नाही. मी बाईंना विचारून पाहिलं, त्या बधल्या नाहीत. दादाने नंतर केलेले सगळे प्रयोग ह्या एका गोष्टीवरून सुचलेत असं त्यानेच लिहिलंय, त्यामुळे ३१ काढला तर तिसरा भाग कोसळतो आणि मग लेखात उरतं काय!

संमतीपत्र मी टाइप करून पाठवलंय. खाली सही ठोक आणि उलट टपाली पाठव. बघ, सूचीत त्या बड्या बड्या मंडळींच्या पंगतीत तुझं नाव बसणार. आडनाव आधी, एवढंच सोस.

तुझा
स्वल्पविराम

---

२७ फेब्रुवारी

चि. स्वल्पविराम,

आशीर्वाद.

सही केलेली नाही. करणारही नाही.

रागावून लिहीत नाहीये, पण सरळ सांगते. मी असं काही ह्यांना सांगितल्याचं मला आठवत नाही. बरं, वय झालं, विसरले असेन म्हणशील. तर ऐक. त्या वर्षीचा तो ऑगस्ट अख्खा आमचा अबोला होता. एक शब्द म्हणून बोललो नाही एकमेकांशी. मग वैयक्तिक संवाद कसला आणि काय कपाळाचा?

अबोला कशावरून, तर ह्याच मेल्या मुंग्यांवरून. ह्यांनी आठ-दहा दिवस खपून ओट्यावर वाट आखली होती, दर वीतभर अंतरावर खडूची खूण. मी सकाळी उठले, फडकं घेतलं आणि मधूनच पुसून काढलं. मुद्दाम नव्हे रे. बाळाला ताप होता, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, हात आपोआप फिरला. हे आले, बघितलं, आणि म्हणाले, "तुला कशाचीच किंमत नाही." तेवढंच. मीही मग तोंडाला कुलूप लावलं. मी स्वयंपाकघरात, हे पडद्यापलीकडच्या खोलीत टेबलाशी. मधे तू. "सांग तुझ्या भावाला, जेवण वाढलंय." "विचार तुझ्या वहिनीला, माझा निळा सदरा कुठाय." तुझे तर हाल केले आम्ही. शेवटी तूही वैतागून आत्याकडे निघून गेलास, आठवतंय?

अबोला संपला तोही धड कुणी माफी मागून नाही. एका सकाळी बघते तर साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलेला. ह्यांनी स्वतः, आपल्या हाताने. मला वाटलं, हरले. वाटलं, प्रयोग सोडून दिला माझ्यापायी. मी विचारलं, "चहा ठेवू?" हे म्हणाले, "हूं." झालं, मिटलं.

तर मग हे ३१ आलं कुठून? मी खोक्यात पाहिलं. तीसचं कार्ड आहे, बत्तीसचं आहे, एकतीसचं नाही. ज्या माणसाने चष्मेवाल्याचं कार्ड केलं त्याने माझं करू नये? मला वाटतं, ह्यांनी कुठेतरी स्वतःच पाहिलं असेल आणि जागा भरायला सौ. घातली असेल.

मी खोटी सही करणार नाही.

वहिनी

---

६ मार्च

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार.

हात जोडतो तुला. कोण बघायला येणार आहे? तो ऑगस्ट नसेल, सप्टेंबर असेल, दादाची तारीख चुकली असेल. तुझ्याशिवाय तो हे कुणाकडून ऐकणार? मुदत तोंडावर आलीय आणि तू सत्यवचनी होऊन बसलीस. एका सहीसाठी दादाचा लेख अडवून धरायचा का?

नसेलच करायची तर मी ३१ काढून टाकतो, पुढचे सगळे आकडे एकेकाने वर सरकवतो आणि तिसरा भाग गाळून लेख लांडा करून पाठवतो. छापतील न छापतील, त्यांचं ते बघतील. काय ते लवकर कळव.

तुझा
स्वल्पविराम

---

११ मार्च

चि. स्वल्पविराम,

"कोण बघायला येणार आहे" असं तुझ्या दादाच्या भावाने लिहावं! एक आकडा चुकला म्हणून हे ग्रंथालयात पुन्हा दोन बस बदलून जायचे, पाऊस असो की ऊन. त्या माणसाच्या लेखात मी खोटं घालू?

आणि लांडा लेखही पाठवू नकोस. मी विचार केला. लेख मागे घे, छापायचा नाही म्हणून बाईंना कळव आणि ह्यांचे कागद मला परत पाठव.

तुला वाटेल म्हातारी हट्टाला पेटली. तसं नाही रे बाबा. मला आयुष्यभर वाटत आलं की हा माणूस माझं काही ऐकतच नाही. त्याचं वाईट वाटायचं, पण सवय झाली होती. आता तुझं पत्र आलं तेव्हा, खरं सांगते, सही करायच्या आधी क्षणभर इतका आनंद झाला की काही विचारू नकोस. पंगतीत माझं नाव! मग तो ऑगस्ट आठवला. म्हणजे ऐकलं नव्हतंच, नुसती भरती केली होती. त्यापेक्षा नाव नव्हतं तेच बरं होतं.

अंक नको मला. तू दगदग करू नकोस.

वहिनी

---

१६ मार्च

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार.

लेख मागे घेतलेला नाही. हे पत्र संपेपर्यंत शिव्या देऊ नकोस, मग हव्या तेवढ्या दे.

तू म्हणालीस म्हणून दादाची मूळ हस्तलिखित प्रत तुला परत पाठवायला मी पाकिटात घालायला घेतली. एवढे दिवस मी माझ्या टाइप केलेल्या प्रतीवरच काम करत होतो. पाकिटात घालता घालता तिसरा भाग पुन्हा वाचला, दादाच्या अक्षरात. आणि वहिनी, मी कपाळावर हात मारून घेतला.

तुला लिहिलं होतं ना, एक-दोन ठिकाणी भाषा सारखी केली म्हणून? त्यातली एक जागा हीच. माझ्या प्रतीत आहे, "मुंग्या कडेच्या आधाराने मार्गक्रमण करतात असे निरीक्षण नोंदवण्यात आले." हे माझं. छापखान्याचं वळण. दादाने मूळ काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो, अवतरणचिन्हांसकट:

"मेल्या आंधळ्या असतील, पण शहाण्या आहेत. मधून पुसलं तर कडेचा हात धरून येतात, सरळ नाक वर करून येत नाहीत, घरातल्या काही माणसांसारख्या."

आणि पुढे आकडा ३१.

हे दादाचं वाक्य आहे? दादा कधी "मेल्या" म्हणाला का जन्मात? हे तुझं आहे, आणि हे तू मला सांगितलंस. मला आता सगळं लख्ख दिसतंय. मी डबा घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात उभा. तू ओट्याशी, एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात फडकं. पडदा ओढलेला आणि त्याच्यामागे दादाच्या खुर्चीची करकर. तू माझ्याकडे बघून, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालीस, "सांग तुझ्या भावाला," आणि मग हे वाक्य. ते "घरातल्या काही माणसांसारख्या" तर तू आणखी चढ्या आवाजात म्हणालीस.

आता नीट ऐक. तो निरोप मी दिलाच नाही. मी म्हणालो, "मी काय तुमचा पोस्टमन आहे? चार हातांवर बसलाय तो, तूच सांग." आणि तरातरा निघून गेलो. तोच तो दिवस, छापखान्यातून परस्पर आत्याकडे गेलो तो. परत आलो तेव्हा तुमचा चहा सुरू झाला होता. दादाला मी एक अक्षर बोललो नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

मग हे वाक्य त्याला शब्द न् शब्द कळलं कुठून?

खुर्चीत बसून ऐकलं, वहिनी. अबोल्यात, पडद्याआडून, कान देऊन. आणि नुसतं ऐकलं नाही, तू म्हणालीस तसंच्या तसं लिहिलं, स्वतःला मारलेल्या टोमण्यासकट. मी ते धुऊन काढलं आणि दादा म्हणायचा तसा माणूस काढून टाकला त्यातला. आणि मग तुलाच म्हणालो, सही ठोक.

मला वाटतं, कार्ड नाही ते म्हणूनच. वाचलेलं विसरेल म्हणून तो कार्डं करायचा.

संमतीपत्र पुन्हा पाठवतोय. ह्या वेळी टाइप केलेलं नाही, कोरा कागद आहे. तुला जे खरं वाटेल ते लिही, नाहीतर कोराच परत पाठव. मूळ वाक्य मी लेखात जसंच्या तसं परत बसवलंय.

तुझा
स्वल्पविराम

---

२१ मार्च

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या त्रैमासिकाकडे आलेल्या, घरातील मुंग्यांवरील लेखातील एकतिसाव्या संदर्भाबाबत ही संमती देत आहे.

अवतरणात दिलेले वाक्य माझे आहे. ते मी त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात, माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलले. बोलले ते माझ्या दिराशी. लेखक त्या वेळी पडद्यापलीकडे बसलेले होते आणि आम्हा दोघांत संभाषण बंद होते. तरीही ते वाक्य त्यांच्यासाठीच होते व त्यांनी ते ऐकले, याची आता माझी खात्री झाली आहे. याला आपल्या नियमांत वैयक्तिक संवाद म्हणत असतील तर माझी हरकत नाही. आमच्या घरात यालाच संवाद म्हणत असत.

सूचीत माझे पूर्ण नाव खालील सहीप्रमाणे छापावे. आडनाव आधी घालावे लागते हे मला सांगण्यात आले आहे. मात्र वाक्यातील "मेल्या" हा शब्द काढू नये. लेखकांनी तो ठेवला होता.

कळावे.

(सही)

---

२१ मार्च, त्याच पाकिटात

चि. स्वल्पविराम,

अनेक आशीर्वाद, आणि एक गुद्दाही. भाषा सारखी करतो म्हणे!

वरचा कागद वाचून झाला की त्यांच्याकडे पाठव. एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे केलास तर बघ. अंकाच्या दोन प्रती मागव, एक तुला. माझी मी आधी नाकाशी धरणार आहे.

तुझं पत्र मी ओट्याशीच उभं राहून वाचलं. आठवलं रे सगळं. तो फडक्याचा ओला वास, कडेवरच्या बाळाचं तापलेलं अंग, आणि तू पाय आपटत निघून गेलास ते. तू गेल्यावर पडद्यामागची खुर्ची करकरायची थांबली होती, तेही आठवलं. मला वाटलं होतं, रागाने थांबली. आणि ती पाण्याची ताटली! मी एवढी वर्षं समजत होते की मी जिंकले. अरे, त्यांना हवं ते मिळालं होतं, म्हणून डबा मोकळा करून दिला मला.

आज ओट्यावर पुन्हा आल्यात. भिंतीच्या कडेकडेने, एकीमागे एक. फडकं हातात होतं, पण ठेवून दिलं. खुर्ची ओढून जरा वेळ बघत बसले. एवढ्या वर्षांत मी कधी बसून बघितल्याच नव्हत्या.

तू वयाने लहान, तुझी पाळी माझ्यानंतर यायची. पण तुझा काही नेम नाही, लहानपणापासून मधेच घुसायची सवय. तर माझ्या आधी वर ह्यांची गाठ पडलीच कुठे, तर ह्या वेळी पोस्टमन नाही म्हणून पळून जाऊ नकोस. सांग तुझ्या भावाला, ऐकत होतात तर तेव्हाच "हूं" तरी म्हणायचं होतंत.

तुझी
वहिनी